राखणदाराचा वाटा

रत्नागिरीला जाऊन आल्यापासून लोक मला समुद्राबद्दल विचारतात. समुद्र आहे. गाडीच्या काचेतून एकदा दिसला, मोठा आहे. पण मी समुद्र बघायला गेलोच नव्हतो. माझ्या व्याह्यांनी दोन वर्षांपूर्वी भर मांडवात उच्चारलेला एक शब्द त्यांनी मागे घ्यावा, एवढ्यासाठी मी इचलकरंजीहून घाट उतरलो, आणि परत आलो तो तीस वर्षं लाकडात मुरलेल्या स्कॉच व्हिस्कीबद्दल मत बनवून. हे कसं झालं ते सांगतो. तुमच्यापैकी ज्यांचे व्याही कोकणात आहेत त्यांना उपयोग होईल.

आधी तो शब्द. माझ्या शीतलचं लग्न रत्नागिरीत झालं. जेवणाच्या पंगतीत व्याह्यांनी, मोहनरावांनी, स्वतःच्या हातानं मला सोलकढीची वाटी दिली. गार, आंबट, गुलाबी. आमच्याकडं गुलाबी रंगाचं काही असलं तर ते जत्रेत लहान मुलं पितात. मी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि वाढप्याला विचारलं, रस्सा आहे का. मोहनराव त्या वेळी हातात माइक घेऊन पाहुण्यांना आग्रह करत फिरत होते. ते माइकवरच म्हणाले, "आमच्या व्याह्यांची जीभ लोखंडी आहे हो. तिखट तेवढं कळतं, बाकी सगळा गंज."

मांडव हसला. माझ्या बाजूचे लोक जास्त हसले. मी जुन्या मशिनींचा व्यापार करतो, बंद कारखान्यांतला माल उचलतो, सोडवतो, विकतो. त्यामुळं लोखंड हा शब्द नेमका बसला. इचलकरंजीत आजही मला पाठीमागं लोखंडी जीभ म्हणतात, आणि काही जण पुढूनही. मी पोरगा असताना फौंड्रीत वाळू चाळत होतो, तिथून इथवर आलो ते कुणाचं ऐकून घेऊन नाही. त्या दिवशी ताटावरून उठलो तो पुन्हा रत्नागिरीला पाय ठेवला नाही.

आणि मग शीतलचा फोन आला. "अण्णा, बाळाचं उष्टावण आहे. दादा परदेशात, म्हणजे मामा नाही. पहिला घास तुम्ही भरवायचा."

"तुझे सासरे शब्द मागे घेणार आहेत का?"

"ते तुमच्यासाठी एक बाटली उघडणार आहेत. दोन वर्षं जपून ठेवलीय."

"बाटलीचा आणि शब्दाचा काय संबंध?"

"तो तुम्हीच येऊन बघा. पण एक ऐका. या वेळी ताटावरून उठलात तर मी मधे पडणार नाही. मग नातू मोबाइलवर बघा, जन्मभर."

माझी लेक आहे. बोलणी कशी संपवायची ते तिला मी कधी शिकवलं नाही, तिनं बघून घेतलं.

आंबा घाट ते मिरजोळे

घाट उतरला की आधी कपडे अंगाला चिकटतात, मग माणसांचा स्वभाव कळतो. साखरप्याच्या अलीकडं रस्त्याकडेला एका दुकानात आमसुलं घ्यायला थांबलो. आमच्याकडं दुकानदार भाव सांगतो तो चर्चेला विषय म्हणून. इथल्या माणसानं भाव सांगितला आणि पेपर उघडला. मी म्हटलं, आमसुलं ओली आहेत. तो म्हणाला, "असतील." मी म्हटलं, पुढच्या दुकानात घेतो. तो म्हणाला, "घ्या, तो माझा चुलतभाऊ." पेपरातून डोकं वर काढलं नाही. मी गाडीत बसलो, दहा पावलं गाडी नेली, मागं घेतली आणि त्याच भावानं आमसुलं घेतली. असा माणूस समोर असला की माझ्यासारख्याला अन्न गोड लागत नाही.

रत्नागिरीच्या अलीकडं मिरजोळ्याला औद्योगिक वसाहत आहे. माझ्यानं राहवलं नाही. एका बंद युनिटच्या कुंपणावरून आत एक बॉयलर दिसत होता. गंज वरवरचा, अंग शाबूत. मी लगेच तोंड वाईट केलं. हे माझ्या धंद्यातलं पहिलं शिक्षण: माल आवडला की नाक मुरडायचं. जितका जास्त आवडला तितकं जास्त. बघायला कुणी नसलं तरी मुरडायचं, म्हणजे सवय मोडत नाही. वॉचमन लांबून ओरडला, "पोटात दुखतंय काय?"

वाडीत

मोहनरावांचं घर रस्त्याला लागून नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बागेत, उतारावर घर बांधलं. रस्त्यापासून अंगणापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, तिला इथं पाखाडी म्हणतात. गाडी वर ठेवायची आणि माणसानं खाली जायचं. मी नातवासाठी कोल्हापुरी गुळाची आख्खी ढेप आणली होती. ती खांद्यावर घेऊन उतरताना पाचोळ्यावरून पाय घसरला. मी बसलो, ढेप मात्र गडगडत निघाली. पायरी पायरीवर आपटत, एका कुत्र्याला उठवत, ती अंगणात जाऊन तुळशीपाशी थांबली.

मी धूळ झटकत पोचलो तेव्हा मोहनराव ढेपेकडं बघत उभे होते. दोन वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो होतो.

"या अण्णासाहेब," ते म्हणाले. "तुमचा गूळ मघाशीच आला."

विहीणबाईंनी पाणी दिलं. शीतलनं नातू मांडीवर दिला. त्यानं माझी मिशी धरली आणि सोडेना. माझं लक्ष मोहनरावांकडं होतं. ते शब्दाबद्दल काही बोलतात का, याची मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "दुपारी काही तिखट खाऊ नका. संध्याकाळसाठी जीभ कोरी पाहिजे."

जीभ. पुन्हा तोच विषय. दुपारी मला मऊ भात, मुगाचं वरण आणि काकडी मिळाली. बाकीच्यांनी माझ्यासमोर सुरमई खाल्ली.

बाटली

ऊन उतरल्यावर आम्ही पडवीत बसलो. मोहनराव, मी आणि त्यांचे शेजारी, निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणतात आणि जे मोहनरावांच्या प्रत्येक वाक्यावर मान हलवतात. बाटली जावयानं, प्रसादनं, आणलेली. तो बोटीवर इंजिनिअर आहे, त्या वेळी कुठल्या तरी समुद्रात होता.

मोहनरावांनी पहिलं काम केलं ते पंखा बंद करण्याचं. वैशाखातली रत्नागिरी, आणि पंखा बंद.

"वास उडतो," ते म्हणाले.

"माणूस उडेल त्याचं काय?" मी विचारलं. सरांनी घाम पुसत मान हलवली.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ही सिंगल ग्रेन. मला वाटलं एकाच धान्याची. तर नाही. मका असतो, गहू असतो, मोड आणलेला सातूही असतो. 'सिंगल' धान्य नसतं, कारखाना सिंगल असतो. म्हणजे धान्य वाटेल तितकं, मालक एक. हे मला लगेच समजलं. माल्ट म्हणजे नुसत्या सातूची, तांब्याच्या हंड्यात थोडी थोडी काढलेली, तिचं नाव मोठं. ग्रेन निघते ती उंच खांबासारख्या यंत्रातून, आत थरावर थर, खालून वाफ, दिवसरात्र धार चालू. तसला खांब मी ओळखतो. आमच्याकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतला मी स्वतः उभा राहून कापून घेतलाय.

"ही बहुतेक सगळी दुसऱ्यांच्या बाटल्यांत जाते," मोहनराव म्हणाले. "बाजारातल्या नेहमीच्या स्कॉचमध्ये पोट भरायला हीच असते. लेबलावर हिचं नाव नसतं. एखादंच पिंप कुणीतरी विसरतं, ते तीस वर्षं पडून राहतं, आणि मग कळतं की ही काय चीज आहे."

मला त्या पिंपाबद्दल एकदम आपुलकी वाटली. मी चेहऱ्यावर दाखवली नाही.

"तीस वर्षांत निम्मी उडून जाते," सर म्हणाले. "तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. काय सुंदर कल्पना आहे."

"आमच्याकडं त्याला तूट म्हणतात," मी म्हटलं.

ग्लास आला. खाली देठ, वर कळीसारखा मिटत गेलेला. त्यात व्हिस्की इतकीशी की आधी मला वाटलं ग्लास धुऊन पुसायचा राहिलाय. प्यायची नाही, बघायची. रंग जुन्या तुपासारखा. ग्लास कलंडला की आतून तेलासारखे ओघळ सावकाश उतरत होते. मग हुंगायची, तोंड किंचित उघडं ठेवून. मी हुंगलं तर पॉलिश. फर्निचरवाल्याच्या दुकानात शिरल्यासारखं.

"थांबायचं," मोहनराव म्हणाले. "तिच्या वयाच्या दर वर्षाला एक मिनिट."

आम्ही थांबलो. तीन म्हातारे बंद पंख्याखाली थेंबभर दारूसमोर हात जोडल्यासारखे. शर्ट पाठीला चिकटला. आतून फोडणीचा वास आला तसे मोहनराव उठून स्वयंपाकघराचं दार लावून आले. विहीणबाई आतून म्हणाल्या, "मग जेवायलाही तेच हुंगा."

पुन्हा हुंगलं आणि मी चकित झालो. पॉलिश गेलं होतं. त्या जागी ओलं खोबरं आलं, नुकतं खवलेलं. मग पिकलेलं केळं, सालीला काळे ठिपके पडलेलं. मग गरम खरवस, वेलची घातलेला. सरांनी मोबाइल काढून कुणी परदेशी माणसानं लिहिलेलं वाचलं: क्रेम ब्रूले (हा म्हणे तिकडचा खरवसच), टॉफी, व्हॅनिला. मोहनरावांनी बाळाच्या व्हिटॅमिनचा ड्रॉपर धुऊन आणला होता, त्यानं प्रत्येकाच्या ग्लासात पाण्याचा एक थेंब टाकला. वास आणखी उघडला.

मग घोट. जिभेवर टेकली तेव्हा दुधाच्या सायीइतकी मऊ. कुठं जाळ नाही. मधोमध गोडी पसरली, तिच्या मागून लवंग, दालचिनी, आणि शेवटी कोरडं, किंचित तुरट लाकूड. गिळून झालं तरी ती जाईना. आजोळच्या सागवानी कपाटाचं दार उघडून तसंच ठेवावं तशी चव तोंडात उघडी राहिली. मी आयुष्यात इतकं सावकाश काही चाखलं नव्हतं. डोळे मिटावेसे वाटले.

म्हणून मी तोंड वाईट केलं. खूप आवडली होती, त्यामुळं खूप वाईट केलं.

मोहनराव माझ्याकडंच बघत होते. "कशी आहे?"

"ठीक," मी म्हटलं. "पाणचट वाटते थोडी. धूर नाही, धार नाही. आणि लाकूड जरा जास्तच लागलंय. एवढी वर्षं ठेवायला नको होती."

हे मी बोललो नाही, माझी चाळीस वर्षांची सवय बोलली. असं म्हटल्यावर समोरचा म्हणतो, अहो बघा तर नीट, आणि बोलणी सुरू होतात. मला वाटलं, आता मोहनराव दोन पावलं खाली येतील, मी एक येईन, आणि मध्ये कुठंतरी तो शब्द निघेल.

मोहनराव उठले. त्यांनी बाटलीचं बूच लावलं, हळूच, आणि पंखा सुरू केला. सर मान हलवायचे थांबले.

पाणी प्यायला आत गेलो तर शीतल वाटेत उभी. "अण्णा, ती बाटली म्हणजे त्यांची माफी होती. लग्नानंतर आठवड्यात प्रसादला सांगून मागवली त्यांनी. स्वतःच्या साठीला उघडली नाही. त्यांना तोंडानं बोलता येत नाही, मग हे असं करतात."

"मग मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही भाव वाढवला असता."

कोपऱ्यातला दगड

तिन्हीसांजेला आम्ही आणि वाडीतले पुरुष बागेच्या कोपऱ्यात गेलो. तिथं एक साधा दगड आहे, मूर्ती नाही. तो राखणदार. घराची, बागेची, माणसांची राखण करतो. म्हणून घरात काही शुभ असलं की आदल्या दिवशी त्याला मान द्यायचा. कोंबडा, विडी आणि दारू. आमच्या म्हसोबालाही कोंबडं चालतं, पण त्याच्याशी कुणी बोलत बसत नाही. इथं बोलण्याचा मान वाडीतल्या एका ठरलेल्या माणसाचा असतो. मोहनरावांच्या वाडीत तो भिकूतात्यांचा. वाळलेल्या आमसुलासारखा म्हातारा, आवाज मात्र पलीकडच्या डोंगरावर जाईल असा.

सगळं मांडून झालं आणि भिकूतात्यांनी विचारलं, "दारू खंय हाय?"

मोहनराव दिवसभर ग्लास पुसत होते. राखणदाराची देशी आणायची राहिली होती.

"ती पडवीत बाटली दिसली की," भिकूतात्या म्हणाले.

"ती नको. ती तीस वर्षांची आहे."

"मंग? राखणदार काय कालचा हाय?"

मोहनराव जाऊन बाटली घेऊन आले आणि सोबत ड्रॉपरही. दगडावर दोन थेंब सोडले. भिकूतात्या बघत राहिले. "आजारी हाय काय तो?"

मी म्हटलं, "मोहनराव, तिकडच्या देवदूतांनी निम्मं पिंप संपवलं तर ती सुंदर कल्पना. मग आपल्या माणसानं काय घोडं मारलंय?"

भिकूतात्यांनी बाटली हातात घेतली आणि करवंटी काठोकाठ भरली. ग्लासात पंधरा वेळा हुंगता आली असती तेवढी. मोहनरावांनी तोंड फिरवलं.

मग भिकूतात्यांनी सूर लावला. बा देवा म्हाराजा, आज ह्या घरात ल्हान पोर हाय, उद्या त्याच्या तोंडात अन्न जायाचा हाय. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "होय म्हाराजा." पोराच्या अंगाला दुखणं लागू नये. होय म्हाराजा. आंब्याला मोहोर धरू दे. होय म्हाराजा. मीही म्हणायला लागलो, मजा वाटली.

शेवटी भिकूतात्या माझ्याकडं वळले. "पावणं, तुमचं काय गाऱ्हाणं आसंल तर आत्ताच घाला. मागाहून चालत नाय."

आता आमच्याकडं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. देवापुढं घालायची विनवणी हा त्याचा इथला अर्थ मी आयुष्यात ऐकलेला नव्हता. मला वाटलं, माझी गोष्ट वाडीभर झालेली दिसते, आणि हे लोक पंच म्हणून उभे आहेत. दोन वर्षं मी या संधीची वाट बघत होतो. मी पुढं झालो, घसा साफ केला.

"या घरात मी लेक दिली."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"लग्नात काही कमी केलं नाही."

"होय म्हाराजा."

माझ्या सलग दोन वाक्यांना आजवर कुणी होकार दिलेला नाही. मला जोर चढला. "भर मांडवात, माइकवरून, मोहनराव माझ्या जिभेला लोखंडी म्हणाले."

सरांनी मोहनरावांकडं बघितलं. पण गाऱ्हाण्याला होकार द्यायचा नाही अशी सोय त्या पद्धतीत नाही. "होय म्हाराजा," लोक म्हणाले. मोहनरावांचा आवाज मागाहून आला, खालून आला, पण आला.

"ते मला लागलं."

"होय म्हाराजा."

"आता मागणं बोला," भिकूतात्या म्हणाले.

"कसलं मागणं?"

"गाऱ्हाणं घातलं म्हंजे कायतरी मागाय नको? नायतर तो म्हनंल, ह्यो आला कशाला?"

दोन वर्षं मी तक्रार घासून-पुसून लखलखीत ठेवली होती, आणि पुढं काय मागायचं ते एकदाही ठरवलं नव्हतं. माफी मागा म्हणावं, तर ती व्याह्यांकडून घ्यायची, देवाकडून नव्हे. मागच्या दारात शीतल बाळाला कडेवर घेऊन उभी होती. ती काही खूण करत नव्हती, नुसती बघत होती.

"उद्या हे पोर पहिल्यांदा अन्न चाखणार," मी म्हटलं. "त्याला सगळ्या चवी कळू देत. घाटावरच्या आणि घाटाखालच्या."

"होय म्हाराजा." या वेळी मोहनराव सगळ्यांच्या आधी बोलले.

"आणि," मी म्हटलं, "दारू फार चांगली होती."

"होय म्हाराजा," लोक म्हणाले, आणि मग हसू फुटलं. मोहनराव हसले नाहीत. "मग मघाशी पाणचट कशी होती?"

"मघाशी तुम्ही विचारत होता."

जेवायला बसल्यावर मी विषय काढला. कोंबड्याचा रस्सा होता, माझ्यासाठी वेगळा तिखट केलेला. मी म्हटलं, "मोहनराव, तुम्ही कबूल केलंत. सगळ्यांनी ऐकलं."

"मी देवाला होय म्हटलं," ते शांतपणे म्हणाले. "तुम्हाला नाही."

बँकेत काढलेली वर्षं अशी मधूनच दिसतात. मी ताटावर हात थांबवला. शीतलनं वाढायची पळी थांबवली. मी रस्सा वाढून घेतला.

उष्टावण

सकाळी पाटावर बसलो. मांडीवर नातू, नव्या झबल्यात. चांदीच्या वाटीत खीर. सगळी वाडी दाटीवाटीनं उभी. मोहनराव माझ्या शेजारी, खांद्यावर उपरणं.

मी चमचा खिरीत बुडवला, उचलला आणि थांबवला. त्याला माझा इलाज नाही. माल हातात असतो तोवरच बोलणी होतात.

"मोहनराव," मी हळूच म्हटलं, "कालचं ते होय, सगळं देवालाच होतं?"

"अण्णा," शीतल म्हणाली.

"सगळं," मोहनराव म्हणाले.

"थोडंसुद्धा इकडं नाही?"

ते विचार करत होते. मला दिसत होतं की ते विचार करतायत. मी चमचा तसाच धरून ठेवला. विहीणबाई म्हणाल्या, अहो खीर निवली. तेवढ्यात नातवानं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं, पुढं झुकला आणि चमचा स्वतःच तोंडात ओढून घेतला. निम्मी खीर आत, निम्मी हनुवटीवर. बायका हसल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या हातात रिकामा चमचा राहिला. आता अडवून धरायला माझ्याजवळ काहीही नव्हतं. मोहनरावांच्या जागी मी असतो तर तिथून पुढं तोंड उघडलं नसतं.

मोहनराव वाकले. उपरण्याच्या टोकानं त्यांनी पोराची हनुवटी पुसली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "होय."

पुढचा शब्द मी मागितला नाही.